पाणी वाढले की नाही, हे कशावरून ठरवायचे?



प्रयोगशाळेत तुम्ही लंबकाचा प्रयोग केला असेल किंवा पुढे कराल. दोऱ्याची लांबी मोजायची, वीस आंदोलनांना लागलेला वेळ टिपायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवे, हे पुस्तकात आधीच छापलेले असते. आता गंमत पाहा. एखाद्याचे उत्तर ८.९ आले, की तो अस्वस्थ होतो. दोऱ्याची लांबी पुन्हा मोजतो, आंदोलने पुन्हा मोजतो, एखादे वाचन 'चुकीचे' म्हणून खोडतो. पण उत्तर ९.७ आले, की तो वही मिटून मोकळा होतो. त्याने खोटे आकडे लिहिले असे नाही. फक्त नको असलेले उत्तर आले तेव्हा त्याने तपासणी केली आणि हवे असलेले उत्तर आले तेव्हा ती केली नाही.

प्रयोगवहीत ही खोड फार नुकसान करीत नाही. पण हीच खोड जेव्हा गावाच्या पाण्याचा निकाल देऊ लागते, तेव्हा काय होते? सरकारची एखादी योजना यशस्वी झाली की फसली, असे कोणालाही विचारा. उत्तर ऐकण्यापूर्वीच, तो माणूस कोणत्या पक्षाचा आहे हे कळले, तर त्याचे उत्तर पुष्कळदा सांगता येते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार आज आपण खानदेशातल्या एका उदाहरणावरून करू या.

शिरपूरचे नाले

धुळे जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला शिरपूर तालुका आहे. २००४ पासून तेथे भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली जलसंधारणाचे एक मोठे काम सुरू झाले. त्या कामामागे शिरपूरचे आमदार अमरीशभाई पटेल यांचे पाठबळ होते. गाळाने भरलेले नाले दहा-पंधरा मीटरपर्यंत खोल आणि वीस-तीस मीटरपर्यंत रुंद करायचे, आणि त्यांवर ओळीने सिमेंटचे बंधारे बांधायचे, अशी ती पद्धत होती. तापीकाठच्या या पट्ट्यात गाळाचे जाड थर आहेत. त्यांतल्या चिकण गाळातून पाणी सहज खाली मुरत नाही. हा थर कापला, तर पावसाचे पाणी खालच्या वाळूच्या थरांपर्यंत पोचेल, हा त्यामागचा विचार. पुढे हे काम 'शिरपूर पॅटर्न' या नावाने महाराष्ट्रभर गाजले.

त्यावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते घेणाऱ्यांत भूजलाचे अभ्यासक होते. नाला प्रमाणाबाहेर खोल केला, तर आजूबाजूच्या उथळ थरांतले पाणीच त्यात झिरपून येईल. बंधाऱ्यात साचणारा बारीक गाळ काही वर्षांत तळ पुन्हा बुजवील. वरच्या गावाने सगळे पाणी अडवले, तर खालच्या गावाचे काय, असे ते प्रश्न होते. जे गाळाच्या जमिनीत चालले ते काळ्या खडकात चालेल काय, हाही प्रश्न होताच. जळगाव-धुळ्याच्या दक्षिण भागात, म्हणजे चाळीसगाव, पारोळा, साक्री या बाजूला, जमिनीखाली बसाल्ट खडक आहे. त्यात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. तेथे नाला खोल खणून कठीण खडक लागला, तर पाणी साचेल, पण मुरेल किती?

हे सगळे प्रश्न मोजमापाने सोडवता येण्याजोगे होते. पण मध्यंतरी या कामाला पक्षाचा रंग चढला.

एक योजना, दोन निकाल

शिरपूरचे काम सुरू झाले तेव्हा अमरीशभाई पटेल काँग्रेस पक्षात होते. राज्यातही काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचे सरकार होते, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात त्या सरकारनेही ठिकठिकाणी सिमेंट बंधाऱ्यांच्या साखळ्या बांधण्याचे काम हाती घेतले होते. २०१४ मध्ये सत्ताबदल झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या भाजप-शिवसेना सरकारने त्या वर्षाच्या डिसेंबरात 'जलयुक्त शिवार अभियान' जाहीर केले. आधीपासून चालू असलेल्या अनेक योजना एकत्र करून दर वर्षी पाच हजार गावे आणि २०१९ पर्यंत पंचवीस हजार गावे टंचाईमुक्त करायची, असा संकल्प होता. नाला खोलीकरण, बंधारे, शेततळी, बांधबंदिस्ती अशी कामे गावोगाव झाली. पुष्कळ ठिकाणी लोकांनी श्रमदान केले आणि वर्गणीही काढली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. त्यांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले तालुकेही होते. विरोधक म्हणाले, "पाहा, योजना फसली." सरकारपक्ष म्हणाला, "पाऊसच कमी पडला. योजना नसती तर परिस्थिती याहून बिकट झाली असती." २०१९ च्या पावसाळ्यात राज्यात भरपूर पाऊस पडला, नाले आणि बंधारे काठोकाठ भरले. आता समर्थक म्हणाले, "पाहा, योजना यशस्वी झाली." विरोधक म्हणाले, "पाऊसच जास्त पडला." म्हणजे पावसाची आठवण दोन्ही बाजूंना होती, पण निकाल आपल्या विरुद्ध जाऊ लागला तेव्हाच ती झाली. लंबकाच्या प्रयोगातला आपला विद्यार्थी तुम्हांला येथे दिसला असेलच.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा सत्ताबदल झाला. सप्टेंबर २०२० मध्ये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. योजनेवर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला, पण गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजलपातळी वाढवण्यात तिचा फारसा परिणाम दिसला नाही, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच महिन्यात महाविकास आघाडी सरकारने चौकशीचा निर्णय घेतला. शिवसेना आधीच्या सरकारातही होती आणि या सरकारातही होती, हे लक्षात ठेवा. २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदलले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस 'जलयुक्त शिवार'चा दुसरा टप्पा सुरू करण्याचे ठरले. इकडे शिरपूरमध्ये २०१९ सालीच अमरीशभाई पटेल यांनी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला होता. नाले तेच, बंधारे तेच, खडकही तोच. पण काल जे या कामाची स्तुती करीत होते त्यांतल्या काहींना आज त्यात दोष दिसावेत, आणि दोष काढणाऱ्यांना गुण दिसावेत, अशी सोय मात्र झाली.

हे आपल्याकडेच होते काय?

नाही. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच. अमेरिकेत १९८० ते १९८८ या काळात महागाई वाढण्याचा वार्षिक दर सुमारे साडेतेरा टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आसपास आला. तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे रेगन हे राष्ट्राध्यक्ष होते. १९८८ मध्ये मतदारांची पाहणी झाली, तेव्हा विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कट्टर समर्थकांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी रेगन यांच्या काळात महागाई वाढल्याचे सांगितले. पुढे डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्लिंटन यांच्या काळात सरकारी तूट झपाट्याने कमी झाली, तेव्हा ती वाढली असे सांगणाऱ्यांत रिपब्लिकन पक्षाचे समर्थक पुढे होते. डोळ्यांवरचा चष्मा दोन्ही पक्षांकडे होता.

आता एक कोडे सोडवा. अंगावरच्या पुरळावर एक नवे मलम काढले. मलम लावलेल्या रुग्णांपैकी २२३ जणांचे पुरळ कमी झाले आणि ७५ जणांचे वाढले. मलम न लावलेल्यांपैकी १०७ जणांचे कमी झाले आणि २१ जणांचे वाढले. मलम गुणकारी आहे काय? पुढे वाचण्यापूर्वी उत्तर ठरवा.

२२३ हा आकडा मोठा दिसतो, म्हणून पुष्कळ जण 'होय' म्हणतात. पण गुणोत्तर काढून पाहा. मलम लावलेल्यांत एकाचे पुरळ वाढले तर सुमारे तिघांचे कमी झाले. न लावलेल्यांत एकाचे वाढले तर सुमारे पाच जणांचे कमी झाले. म्हणजे मलम न लावणारेच अधिक बरे झाले!

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे डॅन कहान आणि त्यांचे सहकारी यांनी हे कोडे २०१३ मध्ये १,१११ लोकांना घातले. काहींना मलमाचे कोडे दिले. काहींना तेच आकडे दिले, पण शीर्षक बदलले. मलमाच्या जागी पिस्तूल लपवून बाळगण्यावरची बंदी आणि पुरळाच्या जागी गुन्हेगारी. या प्रश्नावर तेथील दोन पक्षांत मोठे मतभेद आहेत. पहिल्या नजरेचे चुकीचे उत्तर ज्यांच्या पक्षाला सोयीचे होते, ते तेथेच थांबले. ज्यांना ते गैरसोयीचे होते, त्यांनी गुणोत्तर काढले. गणितात तरबेज असलेल्या लोकांत ही दरी कमी न होता वाढलेली दिसली. पुढे स्वीडनमध्ये हा प्रयोग पुन्हा केला गेला, तेव्हा 'हुशारीबरोबर दरी वाढते' हा भाग तसा आढळला नाही. त्यामुळे त्यावर फार भर देऊ नये. पण नुसत्या हुशारीने माणूस या खोडीतून सुटत नाही, एवढे आपण घ्यावे.

आणखी एक गोष्ट आशा वाटावी अशी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही अमेरिकी प्रयोगांत, असे प्रश्न विचारताना बरोबर उत्तराला थोडे पैसे बक्षीस ठेवले गेले. लगेच दोन पक्षांच्या समर्थकांच्या उत्तरांतले अंतर पुष्कळ कमी झाले. याचा अर्थ काय? खरे काय आहे याची अनेकांना कल्पना असते, निदान आपल्याला नक्की माहीत नाही हे तरी माहीत असते. पण प्रश्न विचारला, की ते पाण्याबद्दल किंवा महागाईबद्दल बोलत नाहीत. ते आपल्या बाजूचा जयजयकार करतात. कुस्तीच्या फडात आपल्या तालमीच्या पहिलवानासाठी ओरडावे, तसे.

पाण्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. योजनेमुळे पाणी वाढले की नाही, हे खरोखर शोधायचे तर काय करावे लागेल?

विहिरीतली पाण्याची पातळी निदान तीन गोष्टींवर अवलंबून असते. किती पाऊस पडला, किती पाणी जमिनीत मुरले आणि किती पाणी आपण उपसले. जलसंधारणाचे काम यांतल्या दुसऱ्या गोष्टीवर परिणाम करते. पण पातळीत तिन्हींचा परिणाम एकत्र दिसतो. समजा, 'अ' गावात नाल्याचे काम झाले. कामापूर्वी ऑक्टोबरात विहिरीचे पाणी जमिनीपासून ८ मीटर खाली होते. कामानंतरच्या ऑक्टोबरात ते ५ मीटरवर आले. पातळी ३ मीटरने वाढली. समर्थक म्हणेल, "हे तीनही मीटर योजनेचे." विरोधक म्हणेल, "हे तीनही मीटर पावसाचे." आपण शेजारचे 'ब' गाव पाहू. खडक तोच, पाऊस साधारण तेवढाच, पण तेथे काम झालेले नाही. तेथे पातळी ९ मीटरवरून ७ मीटरवर आली. काम न होताच २ मीटरची वाढ झाली. मग 'अ' गावच्या वाढीतला सुमारे १ मीटर कामाचा, असा अंदाज निघतो. हे उत्तर दोघांपैकी कोणाचेच नाही, आणि ते काढायला साधी वजाबाकी पुरली.

उपशाचाही विचार हवा. पाणी वाढले, की शेतकरी गप्प बसत नाही, आणि त्याने का बसावे? तो केळीची लागवड वाढवतो, उन्हाळी पीक घेतो. मग ऑक्टोबरात वर आलेली पातळी मे महिन्यात पुन्हा खाली जाते. ऑक्टोबरचा आकडा पाहणारा म्हणतो, योजना फळली. मे महिन्याचा आकडा पाहणारा म्हणतो, बुडाली. खरे पाहता पाणी मुरले आणि ते वापरलेही गेले. ते कोणत्या पिकासाठी आणि कोणाच्या शेतात वापरले गेले, हा वेगळा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातल्या मुलांना तो समजावून सांगायला नको.

मोजण्याची मापेही जुळली पाहिजेत. सरकारी जाहिरातीत किती कामे झाली आणि किती पाणी साठू शकेल, हे आकडे असतात. लेखापरीक्षक प्रत्यक्ष पातळी आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद पाहतात. गावकरी टँकर आला की नाही, हे पाहतात. तिघेही खरे बोलत असतील, तरी तीन निकाल लागू शकतात. शिवाय लेखापरीक्षकांनी सहा जिल्ह्यांतली १२० गावे तपासली होती. त्यांत शेजारचा नाशिक जिल्हा होता. जळगाव आणि धुळे नव्हते. म्हणून त्या अहवालाचा आधार घेऊन शिरपूरचे किंवा चोपड्याचे काम चांगले की वाईट, हे परस्पर ठरवता येणार नाही.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. एवढ्या वर्षांत आपण 'जलयुक्त चांगले की वाईट' या एकाच प्रश्नावर भांडत राहिलो. खरा उपयोगी प्रश्न वेगळा होता. गाळाच्या जमिनीत कोणते काम चालते, बसाल्टमध्ये कोणते, किती खोलीवर थांबावे, आणि गाळ किती वर्षांनी काढावा? हजारो गावांत कामे झाली, म्हणजे हजारो प्रयोगच झाले म्हणा ना! प्रत्येक गावाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी नीट ठेवून लोकांपुढे मांडल्या असत्या, तर पुढच्या सरकारला, मग ते कोणाचेही असो, त्याचा उपयोग झाला असता. सरकार बदलले की योजना गुंडाळायची आणि पुन्हा बदलले की उलगडायची, यात पक्षांचे नुकसान होत नाही. ज्या घरातल्या मुलीला उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जावे लागते आणि शाळा बुडवावी लागते, त्या घराचे होते.

पक्ष नसावाच काय?

कोणी विचारील, मग माणसाने पक्षाचा विचार करूच नये काय? तसे मी म्हणत नाही. दहा हजार कोटी रुपये नाल्यांवर खर्च करावेत की शाळांवर, पाणी आधी केळीला द्यावे की ज्वारीला, धरणाचे पाणी शेतीला की कारखान्याला, हे प्रश्न कोणत्या गोष्टीला किती मोल द्यायचे याचे आहेत. तेथे मतभेद राहणारच आणि पक्ष त्यासाठीच असतात. शिवाय प्रत्येक नागरिकाला प्रत्येक विषय स्वतः तपासणे शक्य नसते, म्हणून विश्वासातल्या माणसांचे मत तो प्रमाण मानतो. त्यातही गैर काही नाही. पण 'पाणी किती वाढले' हा प्रश्न मोलाचा नाही, मोजमापाचा आहे. त्याचे उत्तर विहिरीत दोरी सोडून मिळते. 'काय व्हावे' हे ठरवताना पक्षाला जरूर विचारा, पण 'काय झाले' हे ठरवताना मोजपट्टीला विचारा.

यासाठी विज्ञानात एक जुनी युक्ती आहे. नव्या औषधाची परीक्षा घेताना, कोणाला खरे औषध दिले आणि कोणाला नुसती पिठाची गोळी, हे रुग्णाला आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळू देत नाहीत. शिवाय 'बरा झाला' कशाला म्हणायचे, हे आधीच लिहून ठेवतात. निकाल हाती आल्यावर कसोटी बदलायची मुभा नसते. योजनांनाही हीच रीत लावता येईल. काम सुरू होण्यापूर्वी गावसभेत फळ्यावर लिहून ठेवावे की, पाच वर्षांनी अमुक विहिरींत, अमुक महिन्यात, शेजारच्या गावाच्या तुलनेत पाणी इतके वाढले तर योजना यशस्वी. नाही तर नाही. त्यावर सर्व पक्षांच्या मंडळींच्या सह्या घ्याव्यात. पाच वर्षांनी सरपंच कोणाचाही असो, कसोटी तीच राहील.

शाळेने करावयाचे काम

हे काम मोठ्यांवर सोपवून थांबण्याचे कारण नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्यांनी शाळेजवळच्या पाच-सहा विहिरी निवडाव्यात. कठडा असलेल्या विहिरीच घ्याव्यात आणि मोजताना मोठे माणूस बरोबर असावे. मीटरच्या खुणा केलेली, टोकाला वजन बांधलेली दोरी पुरे. पाणी जमिनीपासून किती खाली आहे, ते पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा, आखाजीच्या सुमारास एकदा आणि मे महिन्याच्या अखेरीस एकदा मोजावे. दर वेळी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी मोजावे, म्हणजे तुलना नीट होईल. तालुक्याच्या पावसाचा आकडा शेजारी लिहावा. विहिरीभोवती कोणते पीक आहे, खडक कोणता आहे आणि जवळ बंधारा आहे की नाही, हेही लिहावे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या तालुक्यातल्या अशा विहिरीचे आकडे मिळवून स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहावेत.

वर्गात मलमाचे कोडेही घालून पाहा. अर्ध्या वर्गाला बियाण्याचे कोडे म्हणून आकडे द्या आणि उरलेल्या अर्ध्याला, गावात ज्यावर वाद आहे अशा एखाद्या योजनेचे म्हणून तेच आकडे द्या. कोणत्या गटाने किती बरोबर उत्तरे दिली, ते मोजा. निकाल काय येईल, हे मी आधी सांगत नाही. सांगितले, तर तुम्ही तेवढाच येईपर्यंत मोजत राहाल.

पाच वर्षे अशा नोंदी ठेवणाऱ्या शाळेची वही ही त्या गावातली फार मोलाची वस्तू ठरेल. निवडणुकीच्या दिवसांत पारावर वाद रंगला, तर एखादा नववीतला विद्यार्थी ती वही घेऊन जाईल आणि म्हणेल, "काका, त्या वर्षी पाऊस एवढा होता, बंधाऱ्याजवळच्या विहिरीत पाणी एवढे होते आणि लांबच्या विहिरीत एवढे." वाद तेवढ्याने मिटेलच असे नाही. पण निदान तो पाण्याबद्दल होईल.